गरम हवा पिणारी गाडी

रत्नाकरने मोठ्या दिमाखात बॉनेट उघडलं आणि श्रीरंजनीला आपल्या थोरल्या भावाची किळस आली.

वडिलांची ही लाल, दोन आसनांची स्पोर्ट्स कार साठ वर्षांपूर्वीची. तिच्या हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या अगदी खाली एक्झॉस्टच्या तापणाऱ्या नळ्या. म्हणून वडिलांनी मध्ये ॲल्युमिनियमचा आडपत्रा घातला होता आणि समोरच्या जाळीपासून जाड नळीने बाहेरची हवा आत आणली होती. वडील गेल्यावर गाडी रत्नाकरने हक्काने नेली. आता पत्रा, नळी दोन्ही गायब होती. त्या जागी हवेचे चकचकीत उघडे फिल्टर मिरवत होते.

"इंजिन आता स्वतःचीच धग पिणार, अण्णा," ती म्हणाली. "गरम हवा विरळ असते, ताकद घटेल. सिग्नलला थांबलास की पेट्रोल कार्ब्युरेटरमध्येच उकळेल."

ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनं तपासणं हेच तिचं काम होतं. रत्नाकर हसला.

"तुमच्याकडे टॅक्सीची इंजिनं होतात. ही क्लासिक आहे."

'क्लासिक' हा शब्द तो जुन्या गाड्यांच्या क्लबात शिकला होता आणि सोवळ्यात असल्यासारखा उच्चारायचा. फिल्टर बदलण्यापलीकडे त्याने कधी पाना हातात धरला नव्हता, आणि तेही दुसऱ्याकडून करून घेतलं होतं.

मे महिन्यात क्लबाच्या गाड्या महाबलीपुरमला निघाल्या. अम्माने गळ घातली म्हणून श्रीरंजनी त्याच्या शेजारी बसली. तिरुवान्मियूरच्या सिग्नलला गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. मागे हॉर्नचा गोंगाट. ढकलून कडेला घेतली, तोवर क्लबातली मंडळी मोबाइल सरसावून परत आली होती.

"बॉनेट उघडं ठेव," ती हळूच म्हणाली. "आपोआप निवेल. पाणी मात्र ओतू नकोस, तापलेलं बिडाचं लोखंड तडकतं."

पण चार माणसं बघत असताना रत्नाकर नुसता उभा राहील कसा? त्याने समोरच्या रसवंतीतून बर्फाच्या पाण्याची बादली आणली आणि थेट इंजिनावर उपडी केली. टण् असा आवाज झाला. एक्झॉस्टच्या बिडाच्या नळीला उभी भेग गेली.

"हल्ली पेट्रोलच भेसळीचं येतं," तो मंडळींना सांगू लागला.

श्रीरंजनीने हात पुढे केला. "चावी दे. दुरुस्त मी करीन, पण यापुढे गाडी माझ्याकडे राहील."

मंडळींसमोर वाद नको म्हणून त्याने मुकाट्याने चावी दिली. तेवढीही धमक नव्हती त्याच्यात.

इतक्या जुन्या गाडीची बिडाची नळी मिळायला पावसाळा उजाडला. तिने नवा आडपत्रा स्वतः कापला, नळ्यांना उष्णतारोधक पट्टी गुंडाळली, हवेची वाट पुन्हा जाळीपर्यंत नेली. ऐन दुपारच्या गर्दीतही गाडी कुरकुरली नाही.

क्लबाच्या पुढच्या बैठकीला ती अम्माला घेऊन त्याच गाडीतून गेली. रत्नाकर आत उभा राहून सगळ्यांना समजावत होता, "गरम हवा विरळ असते, ताकद घटते. म्हणून मी मध्ये पत्रा घालून घेतला." लोक माना डोलवत होते. बहिणीकडे नजर गेली तरी तो अडखळला नाही.

"त्याला काही बोलणार नाहीस?" अम्माने विचारलं.

"बोलण्याच्या लायकीचा आहे का तो?"

टाळ्या सुरू असतानाच दोघी उठल्या आणि गाडी काढून किनाऱ्याच्या रस्त्याला लागल्या.