उपचाराशी संबंध नाही

फॉर्ममधला तो एक प्रश्न सोडला तर थोरलीने बाकीचे एकवीस प्रश्न बिनचूक भरले होते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढे जो उठला तो तिलाच बोल लावायला लागला. बोल लावणाऱ्यांपैकी एकाच्याही मागे त्या दिवशी त्याचा बाप उभा नव्हता.

थोरली म्हणजे प्लास्टरमामांची मोठी मुलगी. तिच्या बापाला सगळा दवाखाना प्लास्टरमामा म्हणायचा. शिकाऊ डॉक्टर, नर्सबाई, लिफ्टवाला, झाडून सगळे. हात-पाय मोडून आलेला माणूस आधी मोठ्या डॉक्टरांकडे जायचा आणि तिथून चिठ्ठी घेऊन मामांच्या खोलीत यायचा. खोली कसली, जिन्याखालची कोंदट जागा. एक उंच टेबल, एक बादली, कापसाचे गठ्ठे आणि पांढऱ्या पट्ट्यांची गुंडाळी. मामा बादलीत कोमट पाणी घ्यायचे, पट्टी त्यात बुडवायचे आणि बुडबुडे थांबेपर्यंत पेशंटला काहीबाही विचारत बसायचे. घर कुठे, मुलं किती, पडलात कसे. माणूस बोलण्यात गुंतला की मग हळूच पट्टी दोन्ही टोकांनी पिळायची आणि गुंडाळायला घ्यायची. ओलं प्लास्टर फक्त तळव्याने सारखं करायचं, बोटं लावायची नाहीत, हा त्यांचा कायदा होता. बोटाचा खळगा राहिला की तो आतून टोचतो आणि पंधरा दिवसांनी तिथे जखम निघते. दरवर्षी नवे शिकाऊ डॉक्टर यायचे, बोटं लावायचे आणि मामांची बोलणी खायचे. पुढे तेच मोठे सर्जन व्हायचे. मोठे डॉक्टरसुद्धा त्यांच्याच हाताखाली ही विद्या शिकले होते.

थोरली सात वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की त्या खोलीत स्टुलावर येऊन बसायची. आई कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीला उभी असायची, घरी कोण होतं? स्टुलावर बसून तिने अभ्यास केला, पट्ट्यांच्या रिकाम्या खोक्यावर हाडांची चित्रं काढली, आणि डॉक्टरच व्हायचं हे तिथेच ठरवून टाकलं. गोदामांमागच्या त्यांच्या वस्तीतून कॉलेजात गेलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजली तरी अंगठा उरला असता. डॉक्टर तर एकही नव्हता. वस्तीतल्या बायका तिला "या डॉक्टरीणबाई" म्हणायच्या ते चिडवायला. तीही हसायची, काय करणार.

अशा घरांतल्या मुलांसाठी मेडिकल कॉलेजात पंधरा जागा वेगळ्या ठेवलेल्या होत्या. ज्यांच्या घरात कुणी शिकलेलं नाही, ज्यांना कुणाची ओळखपाळख नाही, अशांसाठी. थोरलीचे मार्क त्या पंधरांत सहज बसत होते. खुल्या यादीत मात्र तिचा निभाव लागला नसता. शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमनी तिला बजावून सांगितलं होतं. "सतरावा प्रश्न नीट बघ. घरातलं कुणी रुग्णांवर उपचार करण्याच्या कामात आहे का, असं विचारतात. तिथे नाही लिही. हो लिहिलंस की तू त्या पंधरातून बाहेर."

फॉर्म शाळेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर भरायचा होता. मामा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले, धुतलेला शर्ट घालून. लेकीचा डॉक्टरकीचा फॉर्म भरला जातोय आणि आपण तिथे नाही, हे त्यांना चाललंच नसतं. ते खुर्चीमागे उभे राहून एकेक ओळ ओठ हलवत वाचत होते. मॅडमना तेवढ्यात हेडबाईंनी बोलावलं म्हणून त्या बाहेर गेल्या. आणि सतरावा प्रश्न आला.

"हे बघ, आलं," मामा म्हणाले. "छाती ठोकून हो लिही."

थोरलीचा हात तिथेच थांबला. मॅडमचं बोलणं तिला लख्ख आठवत होतं. पण मागे उभ्या असलेल्या बापाला वळून कसं सांगायचं, की बाबा, तुम्ही करता ते काही नाही असं लिहायचंय? शाळेच्या प्रत्येक कागदावर वडिलांच्या धंद्यासमोर 'दवाखाना' लिहिताना हा माणूस ताठ उभा राहायचा. वस्तीत कुणाचा हात दुखावला तर लोक आधी यांच्याकडे पळत यायचे. तिने हो केलं. खाली तपशिलाला जागा होती, तिथे तिने मनापासून लिहिलं, की वडील प्लास्टर बांधण्याचं काम करतात, घरात शिकलेलं कुणी नाही. कुणीतरी माणूस हे वाचेल आणि समजून घेईल असं तिला वाटलं. कुणी वाचलं नाही. एवढे फॉर्म कोण वाचतो? मशीनने हो बघितलं आणि तिला उचलून खुल्या यादीत टाकलं.

मुलाखतीला बोलवायच्या मुलांची यादी लागली तेव्हा त्या पंधरा जागांच्या उमेदवारांत ती नव्हती. खुल्या यादीत चार हजारांच्या पुढे कुठेतरी होती. मॅडमनी डोकं धरलं. "तुला इतकं सांगून तू शेवटी मातीच केलीस," एवढंच त्या बोलल्या आणि लगेच फोनला लागल्या. दोन दिवस फोन करून त्यांनी एक वाट काढली. वडिलांच्या दवाखान्याचं पत्र आठ दिवसांत द्यायचं. त्यांचं पद काय, काम काय, आणि त्यांचा उपचाराशी संबंध नाही, असं खात्याच्या प्रमुखाच्या सहीचं.

घरी हे सांगायची थोरलीची हिंमत होईना. आईनेच सांगितलं, भाजी चिरता चिरता, मान वर न करता. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मीच आडवा आलो म्हणायचं."

"तसं नाही हो बाबा," थोरली म्हणाली.

"तसंच आहे. उद्या चल माझ्याबरोबर. पत्र मी आणतो."

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्याच्या ऑफिसात गेली. हेडक्लार्क सज्जन माणूस होता. बापलेकीला बसायला सांगून त्याने कपाटातून फाइल काढली. मामा रस्ताभर तयारी करून आले होते. आपलं प्लास्टरचं पद जरा बाजूला ठेवून साधंसं काहीतरी लिहा, पोरीच्या भल्यासाठी एवढं करा, अशी गळ घालायची असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी सुरुवातही केली. हेडक्लार्कने फाइलमधून डोकं वर काढलं.

"बाजूला कशाला ठेवायचं मामा? तुमचं पद सफाई कामगार आहे. लागलात त्या दिवसापासून तेच आहे."

"अहो, असं कसं? चोवीस वर्षं झाली मला प्लास्टर खोलीत बदली होऊन."

"बदली झाली ती तोंडी. प्लास्टरचं पद मंजूरच झालं नाही कधी. मंजूर असतं तर पगारात दिसलं नसतं का?" हेडक्लार्क सहज बोलून गेला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "उलट बरंच झालं की. खोटं काहीच लिहायला नको. पंधरा मिनिटांत टाइप करून देतो."

थोरलीने बापाकडे बघायचं टाळलं. तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण क्षणभर तिला हायसं वाटलं होतं. मामा खुर्चीच्या कडेला बसून राहिले. हाताच्या कोपरापर्यंत वाळलेल्या प्लास्टरचे पांढरे ठिपके होते, ते नखाने खरवडत होते. पत्र टाइप होऊन आलं. चार ओळींचं. सदर कर्मचारी साफसफाईचे काम करतात, त्यांचा रुग्णांच्या उपचाराशी कोणत्याही प्रकारे संबंध नाही.

सही मोठ्या डॉक्टरांची हवी होती. ते ओपीडी आटोपून चहा पीत होते. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं.

"मामा, हे काय आहे? मी सही करू याच्यावर? मला मोडलेलं मनगट ओढून बसवायला कुणी शिकवलं?"

"करा साहेब," मामा म्हणाले. "कागद बरोबर आहे. पोरीची जागा अडलीये."

डॉक्टरांनी थोरलीकडे बघितलं, पत्राकडे बघितलं आणि सही केली.  मामांनी कागद दोन्ही हातांत धरून शाई वाळू दिली आणि मग लेकीकडे दिला.

थोरलीचं नाव त्या पंधरा जागांच्या उमेदवारांत घेतलं गेलं आणि मुलाखतीचं बोलावणं निघालं. मॅडमनी तिच्याकडून चार दिवस तयारी करून घेतली. डॉक्टर का व्हायचंय, याचं तिचं उत्तर मॅडमनी पहिल्याच दिवशी ऐकलं. स्टूल, बादली, बापाचे हात, सगळं तिने सांगितलं. मॅडमचे डोळे भरून आले. मग त्यांनी ते पुसले आणि म्हणाल्या, "छान आहे गं. पण हे तुला सांगता येणार नाही. पत्र काय देऊन बसलोय आपण?"

मुलाखतीच्या खोलीत तिघं होते. दोन म्हातारे आणि मधे एक बाई. बाईंचा आवाज मऊ होता आणि त्यानेच थोरली जास्त घाबरली. हाडांचे प्रश्न आले तेव्हा तिने धडाधड उत्तरं दिली. मनगटाच्या हाडांची नावं तिने एकही न चुकता सांगितली, तशी बाई पुढे झुकल्या.

"पुस्तकातलं नाही वाटत हे. दवाखान्यात जवळून काही पाहिलंयस का तू? कुणाला काम करताना?"

आता बोला. अकरा वर्षं जे डोळ्यांनी पाहिलं, ज्याच्यावर ती एवढी वाढली, तेच विचारलं होतं. दुसरा कुठलाही प्रश्न चालला असता.

"नाही," थोरली म्हणाली.

"वडील काय करतात?"

"साफसफाई."

"मग डॉक्टर का व्हायचंय?"

तिने मॅडमनी बसवलेलं उत्तर म्हटलं. सेवा, समाज, गरिबांचं दुःख. बाई मागे टेकून बसल्या. त्यांनी असली उत्तरं सकाळपासून ऐकली असणार, पण नावं ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलीला बोलवायला सांगितलं.

मामा बाहेर बाकावर बसले होते. "माझं विचारलं?"

"विचारलं."

"काय सांगितलंस?"

"पत्रात होतं ते."

"बरं केलंस," मामा म्हणाले. रस्त्याने ते नेहमी तिच्या बरोबरीने चालायचे, त्या दिवशी दोन पावलं मागून चालले. ती थांबली की तेही थांबायचे.

पंधरांत तिचं नाव आलं. अकरावं. आईने इस्त्रीच्या टेबलावरून सुट्टी मागून घेतली आणि घरी येऊन ढसाढसा रडली. वस्तीतल्या बायका आल्या, त्यांनी तोंड गोड केलं आणि या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणताना कुणी चिडवलं नाही. मामा दारात उभे राहून सगळ्यांना या बसा म्हणत होते. त्यांच्या हातांवरचे पांढरे ठिपके गेले होते, हे थोरलीच्या त्या गडबडीत ध्यानात आलं नाही.

प्रवेशाला तब्येतीचा दाखला लागतो. तो घ्यायला ती आठवड्याने दवाखान्यात गेली. रांग लांब होती, म्हणून सवयीने पाय जिन्याखालच्या खोलीकडे वळले.

टेबलावर एक म्हातारी बसली होती, मनगट मोडलेली. एक कोवळा शिकाऊ डॉक्टर तिच्या हाताशी झटत होता. पाणी फार गरम घेतलेलं, पट्टी गुंडाळायच्या आतच घट्ट होत चाललेली, आणि त्यात तो बोटं रुतवून रुतवून ती दाबत होता. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मामा भिंतीशी होते. हातात लांब दांड्याचं फडकं. फरशीवर सांडलेलं पांढरं पाणी पुसत होते.

"मामा," शिकाऊ डॉक्टर काकुळतीला आला होता. "जरा बघा ना. हे बरोबर बसत नाहीये."

"मला त्यातलं काही कळत नाही, डॉक्टर," मामा म्हणाले.

"असं काय करता? सगळे म्हणतात मामांना विचार."

"उगाच म्हणतात. मी सफाईवाला."

थोरली दारातून आत गेली. मामांनी तिला पाहिलं, फडकं भिंतीला टेकवलं आणि घाईघाईने तिला बाहेर व्हरांड्यात आणलं.

"बाबा, तिचा हात बिघडेल."

"हळू बोल. पत्रात लिहून दिलंय आपण. उद्या कुणी पाहिलं, कुणी कळवलं, तर तुझी जागा काढून घेतील. त्या पंधरांत न बसलेली पोरं टपून असतील."

"कोण बघायला येतंय इथे?"

"येणार नाही कुणी. पण आलं तर?"

आतून म्हातारी कण्हली. मामांचा उजवा तळवा त्यांच्या नकळत हवेत सरकला. मग त्यांनी तो शर्टाला पुसला.

"कुठवर असं?" थोरलीने विचारलं.

"तुझा कोर्स संपेपर्यंत. मग बघू."

कोर्स सहा वर्षांचा होता. मामांच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती, आणि ते त्या दोघांनाही माहीत होतं.

"जा, रांगेतला नंबर जाईल तुझा," ते म्हणाले आणि फरशी पुसायला आत गेले.