तेराव्याचं पुरण

बावड्यापासून कोसभर आत, उसाच्या पट्ट्यात जोतीरामची वस्ती होती. घट बसून तीन दिवस झाले होते. घरात सोवळं होतं, म्हणून पाळी आलेली जोतीरामची बायको कौसल्या गोठ्यामागच्या कडब्याच्या खोलीत बसून होती. एरवीही दर महिन्याचे ते तीन दिवस ती तिथंच काढी. कुणाला शिवायचं नाही, ताट सासू लांबून सरकवणार. शेण मात्र तिनं शिवलेलं चालत असे. त्या दिवशीही चार पाट्या गोवऱ्या थापून तिनं हात धुतले आणि टेकायला कडब्याची पेंढी ओढली. पेंढीखाली घोणस होती.

तिची हाक ऐकून सगळं घर धावलं आणि खोलीच्या दारापाशी थांबलं.

दीर विजयसिंहची जीप अंगणातच उभी होती. तुळजापूरहून ज्योत घेऊन ती सकाळीच आली होती; बॉनेटवर हार तसाच होता. इंदापूरचा सरकारी दवाखाना तिथून पाऊण तासाच्या वाटेवर.

"तशीच गाडीत घालू नगा," सासू प्रयागबाई म्हणाली. "आईची ज्योत आलीय त्या गाडीतनं. आदी डोस्क्यावरनं न्हाऊ दे तिला."

"आजी, पाय सुजायला लागलाय," विजयसिंहची सून अंजली म्हणाली.

"पाणी तापाया कितीसा येळ लागतोय? आन् तू शिवू नगंस. तुला घटाला माळ घालायचीय."

जोतीरामनं स्वतः चूल पेटवली. कौसल्या त्याच पायानं मोरीपर्यंत चालत गेली. खांदा कुणी दिला नाही. केस धुतले, लुगडं बदललं, गोमूत्र शिंपडलं. मग गाडी निघाली. इंदापूर यायच्या आत तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती गेली.

तिची लेक उत्कर्षा बारामतीला शाळेत विज्ञान शिकवत असे. ती पोचली तेव्हा डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, "चावल्यावर चालवायचं नसतं. पाय हलू न देता, जसं असेल तसं आणायचं." हे वाक्य ती दरवर्षी पोरींना फळ्यावर लिहून देत असे. आपल्या घरात मात्र तिनं ते कधी सांगितलं नव्हतं. त्याचा राग तिनं आधी स्वतःवर काढला. मग तो उरलाच.

"नाना, गाडी कवा निघाली?" तिनं विजयसिंहला विचारलं.

"लगीच की. दम कुठं काढला आमी?"

तेच तिनं अंजलीला विचारलं. अंजलीनं विसळायचं भांडं खाली ठेवलं. "वन्सं, शाळा सुटून पोरं घरला आली तवा चावला. गाडी हलली तवा देवापुढं दिवा लागला व्हता."

सव्वा तास. उत्कर्षा त्यानंतर रडली नाही. तेराव्याचा स्वयंपाक मी करते, असं तिनं सांगितलं, तेव्हा प्रयागबाईला बरंच वाटलं.

तेराव्याला भावकीची वीस पानं बसली. कडेला पाटावर प्रयागबाई.

"पुरण आईवानी झालंय पोरीचं," भावकीतले आप्पासाहेब म्हणाले. "मास्तरीण झाली तरी हात इसरला न्हाय."

दुसरी पोळी वाढून झाल्यावर उत्कर्षा पदराला हात पुसत पुढं आली.

"जेवा सावकाश. एक सांगायचं ऱ्हायलं. मी कालपासनं बाहेरची हाय."

वीस हात पानावर थांबले.

"पुरण मीच वाटलंय. कावळ्याला ठेवलेलं पानबी माझ्याच हातचं. त्यानं मघाशीच खाल्लं, त्याला कायबी झालं न्हाय."

"घर बाटवलंस," प्रयागबाई म्हणाली. तोंडात घास होता. "कुणावर सूड उगवतीस गं?"

"तुझ्यावर, आजी. आन् ज्यांनी पाणी तापवलं, ज्यांनी गाडी थांबवली, त्या समद्यांवर. सव्वा तास माझ्या आईला इथं उभी ठेवली. ती सापानं मेली म्हणून सांगत फिरू नगा."

जोतीरामनं मान वर केली नाही. आप्पासाहेब हात झटकत उठले. "चला रं, उठा समदे."

"उठा की. कुणाला उलटी झाली, चक्कर आली, तर मला हाक मारा. जसं असाल तसं गाडीत घालीन. आंघोळ घालत बसणार न्हाय."

कुणीतरी हसू दाबलं. चार-पाच जण उठले, बाकीचे उठावं की नाही ते एकमेकांच्या तोंडाकडं पाहून ठरवू लागले. तेवढ्यात अंजली चुलीपासून आली, एक पोळी ताटात घेऊन सासऱ्यांसमोर, भावकीसमोर उत्कर्षाच्या शेजारी मांडी घालून बसली.

"आजी, चार दिसांनी माझी पाळी हाय," ती म्हणाली. "मी घरातच ऱ्हाणार. कडब्यात जाणार न्हाय. आन् मला कायबी झालं तर मला शिवा."

प्रयागबाईच्या तोंडात घास तसाच होता. थुंकावा तर सुनेच्या तेराव्याचं अन्न. गिळावा तर विटाळ. तिचे डोळे भरून आले, ते कशानं, हे उत्कर्षानं विचारलं नाही. तिनं पाण्याचा तांब्या भरून आणला आणि आजीच्या अगदी हाताशी ठेवला.