उंबऱ्यापर्यंतचा श्वास

ताममावशी दोन्ही हातांत एकेक पपनस घेऊन दारात उभी राहिली, आणि दिएपचं लिहिणं थांबलं. ज्याचं माणूस या इस्पितळातून मरायला घरी नेलेलं असतं, तो इथं पुन्हा पाऊल टाकत नाही. टाकलंच तर भांडायला. आणि भांडायला येणारं माणूस पपनस घेऊन येत नाही.

दिएप नर्स होती, पण वॉर्डातली नव्हे, चाचणीची. क्षयाचे जंतू फुप्फुसातून मेंदूच्या आवरणात शिरले की माणूस आधी डोकं धरून बसतो, मग बरळतो, मग बोलायचाच बंद होतो. या दुखण्यावर एक नवं औषध तपासायचं चाललं होतं. क्षयाच्या नेहमीच्या गोळ्या सगळ्यांनाच मिळत. त्यांच्या जोडीला निम्म्यांना नवी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची गोळी. कुणाला कुठली, हे घेणाऱ्याला माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. घरच्यांना हे सगळं समजावणं, त्यांची सही घेणं, आणि पेशंट इथून गेल्यावर फोन करून त्याची खबर ठेवणं, हे दिएपचं काम. चाचणीच्या मुख्य डॉक्टर उयेन यांचं त्यावर एकच पालुपद होतं. "कोण जगलं आणि कोण गेलं, यावरच औषधाची पारख व्हायची. तिथं अंदाजपंचे चालणार नाही."

दिएपने नेमकं तेच केलं होतं.

ताममावशीचा मुलगा लुआन बेन त्रे प्रांतातल्या नदीवर, नारळ वाहणाऱ्या होड्यांवर कामाला होता. खांद्यावरून नारळाचे ढीग वाहणारा दांडगा पोर, पण इथं आला तो झोळीतून. काही आठवडे उपचार झाले तरी शुद्ध येईना, मग श्वासही यंत्रावर गेला. वॉर्डाच्या डॉक्टरांनी मान हलवली. तेव्हा ताममावशीने दिएपलाच व्हरांड्यात गाठलं होतं. चाचणीची नर्स सगळ्यांशी गोड बोलते, तिला वेळ असतो, म्हणून लोक असले प्रश्न तिला विचारतात.

"पोरी, खरं सांग. न्यायला हवं का त्याला?"

दिएपला तो प्रश्न पुरता कळला होता. माणसाने शेवटचा श्वास आपल्या घरात, पूर्वजांचे फोटो मांडलेल्या ओट्यासमोर सोडावा. वाटेत गेला तर त्याला उंबऱ्याच्या आत घेता येत नाही, अंगणात मांडव घालावा लागतो आणि त्याचा जीव बापडा रस्त्यावर घुटमळत राहतो. म्हणून मरणाऱ्याला वेळेत न्यायचं असतं. लवकर नेलं तर इस्पितळाचं मन दुखतं, उशीर झाला तर सात पिढ्यांचं. दिएपच्या स्वतःच्या आजोबांना असंच नेलं होतं, नि ते वाटेतच गेले होते. आजी त्यानंतर कधी अंगणात बसली नाही.

म्हणून ती मावशीबरोबर आत जाऊन, लुआनच्या खाटेशी उभी राहून अगदी मनापासून म्हणाली होती, "मावशी, आज न्या. आज नेलंत तर घरापर्यंत श्वास टिकेल."

त्यांनी नेलं. गाडीतला माणूस त्याच्या श्वासासाठी वाटभर हाताने रबरी फुगा दाबत होता. क्षयाच्या गोळ्या कपाटातच राहिल्या. मरणाऱ्याबरोबर गोळ्या कोण देतं?

आणि दिएपने फोन केला नाही. पूर्वी ती करायची. पलीकडून अंत्ययात्रेचे ढोल आणि सनया ऐकू यायच्या, आणि एखादी आई ओरडायची, "गेला! आणखी काय हवंय तुम्हाला?" उत्तर दर वेळी तेच. मग हळूहळू तिने असे फोन सोडून दिले. घरी नेलेला म्हणजे गेलेला. लुआनच्या नावापुढे तिने दुसऱ्या दिवशीची तारीख घातली, मृत्यू लिहिलं आणि जेवायला गेली.

आता ताममावशी खुर्चीच्या कडेवर टेकली. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि दिएपच्या कानाशी तोंड नेलं.

"आहे तो."

"कोण?"

"हळू बोल! नाव घेऊ नकोस. आम्ही कुत्रू म्हणतो. वर कुणी ऐकलं तर न्यायला येईल परत." मावशीच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. "नळी काढली, गाडीवाला गेला, भटजी येऊन बसले. आणि हा आपला श्वास घेतोय! रात्र गेली, दुसरा दिवस गेला. भटजी कंटाळून उठून गेले. शेजारणीने आणलेली शवपेटी तशीच पडवीत. आणि मग एका सकाळी म्हणतो, आई, पाणी. मी घाबरून बाहेर पळाले, बघ. स्वतःच्या पोराला घाबरले!"

दिएपने खुर्ची जवळ ओढली.

"तुझेच उपकार," मावशी म्हणाली. "तू आज न्या म्हणालीस म्हणून. इथं ठेवला असता तर तुमच्या यंत्राने मारला असता. घर ते घर. पूर्वजांनी धरून ठेवला त्याला. बागेतली ही पहिली पपनसं तुझ्या नावाची."

"आता कसा आहे?"

"बराय की. पेज खातो, दोन पावलं टाकतो. थोडं डोकं दुखतं अलीकडे. ओकतो सकाळी. उजेड नको म्हणतो. डोकेदुखीची चांगली गोळी असेल तर दे. गावातल्या दुकानदाराच्या गोळ्या म्हणजे खडू नुसता."

दिएपला आता बसवेना. डोकं, ओकारी, उजेड. हे सगळं कुठून सुरू होतं आणि कुठं जातं, हे ती रोज दहा जणांना समजावून सांगत होती. अर्धे मेलेले जंतू औषध तुटल्यावर पुन्हा माजले होते, आणि ते औषध तिच्या पाठीमागच्या कपाटात होतं.

"मावशी, त्याला आजच्या आज इथं आणा."

मावशीचं हसू मावळलं. "इथं? वेड लागलंय का तुला? एकदा कंठाशी आलेला जीव घरी नेऊन वाचवला. आता परत इथं आणू? आणि वाटेत काही झालं तर? नाही गं बाई."

दिएपने नाना परींनी सांगून पाहिलं. तपासणीच करू म्हणाली, एका दिवसात सोडू म्हणाली, फुकट आहे म्हणाली. फक्त खरं तेवढं म्हणाली नाही. मावशीने तिच्या गालावरून हात फिरवला, "तू चांगली आहेस गं, पण तुमचं इस्पितळ काही चांगलं नाही," असं म्हणून ती बस पकडायला गेली.

पपनसं टेबलावर होती. शेजारच्या टेबलावरची न्हुंग म्हणाली, "वा! आमच्या वाट्याला शिव्या येतात, तुझ्या वाट्याला फळं. सोलायची का?"

"हात लावू नकोस," दिएप इतक्या जोराने ओरडली की न्हुंगने हात मागे घेतला.

खाई त्याला खवखवे म्हणतात. दिएपने फळ खाल्लं नव्हतं, तरी तिला खवखवत होतं. गप्प बसता येण्यासारखं होतं, हेही खरंच. चाचणीच्या लेखी लुआन मेलेला होता. काही आठवड्यांत तो खरोखर मेला असता, आणि तिने लिहिलेली तारीख सोडली तर कुठंच काही चुकलं नसतं. हा विचार आपल्या मनात आला, याचीच तिला किळस आली. ती उठली आणि डॉक्टर उयेनच्या खोलीत गेली.

तिने सांगितलं ते उयेनबाईंनी चष्मा काढून ऐकलं. ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"असे आणखी किती फोन केले नाहीस?"

"बरेच."

"म्हणजे आपल्याकडचे बरेच मेलेले कागदावर तूच मारलेले आहेत." त्यांनी चष्मा पुसला. "ते सगळे फोन तुला करायचे आहेत. तुझ्या नोकरीचं काय करायचं ते समितीपुढे ठरेल. आत्ता गाडी घे, गोळ्या घे आणि त्या मुलाला घेऊन ये. आणि त्याच्या आईला खरं सांग. लबाडी करून माणूस चाचणीत आणायचा नसतो, उपचारालाही नाही."

लुआनला घरी नेलेली गाडीच नेमकी मिळाली आणि ड्रायव्हरही तोच. पत्ता ऐकून तो म्हणाला, "तिथून? ताई, या धंद्यात केस पिकले. इथून घरी नेलेले पुष्कळ, पण घरून इकडे परत आणायचा हा पहिलाच." आणि तो हसला. दिएपला हसता आलं नाही.

ताममावशीचं घर नारळीच्या बागेत, ओढ्याच्या काठाला होतं. पडवीत शवपेटी होती. तिच्यात सुकं खोबरं भरलं होतं आणि झाकणावर मांजर निजलं होतं. आत पूर्वजांच्या ओट्यावर उदबत्त्या जळत होत्या. ओट्याच्या कोपऱ्यात लुआनचा मोठा करून आणलेला फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. ओट्याखालच्या फळीवर एक जुना फोन वायरीला लावून ठेवलेला होता. लुआन खाली चटईवर, डोळ्यांवर ओला पंचा घेऊन पडला होता. दिएपने हाक मारली तर त्याने मान वळवली नाही. मान वळत नव्हती.

"तू इथवर आलीस?" मावशी म्हणाली. "मी सांगितलं ना, नाही म्हणून."

दिएप चटईवर गुडघे टेकून बसली. वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी विसरली.

"मावशी, माझे उपकार मानू नका. तो घरी आल्यामुळे वाचला नाही. आम्ही दिलेलं औषध अंगात होतं म्हणून उठला. ते औषध पुढं बरेच महिने द्यायला हवं होतं. मी दिलं नाही. मला वाटलं, तो गेला. मी न विचारता लिहून टाकलं की तो गेला. मी फोन करायला हवा होता. केला नाही. त्याचं हे डोकं दुखतंय ते माझ्यामुळे."

 मावशीने ओट्याखालच्या त्या फोनकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड केलेल्या फोटोकडे पाहिलं. दिएपला वाटलं, आता ही हाताला येईल ते फेकून मारणार. मारलं असतं तर तिने चुकवलं नसतं.

"फोटो मीच मोठा करून आणला होता," मावशी शेवटी म्हणाली. "त्याने पाणी मागितलं त्याच्या आदल्या दिवशी. तू काय आणि मी काय." आणि ती उठून त्याचे कपडे बांधायला लागली.

गाडीत लुआन कण्हत होता, मावशी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पूल ओलांडताना ती दिएपकडे न बघता म्हणाली, "या वेळी त्याचं काही व्हायचं असेल तर तिथंच होऊ दे. अंगणात मांडव घालीन मी. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. पण त्याला घरी न्या असं कुणी म्हणायचं नाही. तू तर नाहीच नाही."

"नाही म्हणणार, मावशी."

पुढचे दिवस दिएप सकाळी वॉर्डात जाई आणि दुपारी फोन करी. एकेक घर. बहुतेकांना ती कोण हेच आठवेना. कुणी रडलं, कुणी फोन आपटला. एका म्हाताऱ्याने विचारलं, "वर्षश्राद्धही झालं. आता आठवण झाली होय?" सगळे खरोखर गेलेले होते. दर वेळी फोन ठेवताना तिला हायसं वाटे आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटे. समितीने तिला चाचणीवरून काढलं आणि वॉर्डात टाकलं. 

लुआनचा ताप उतरला. मान वळायला लागली. पेज जाऊन भात आला. पण डोळे गेले. तपासून उयेनबाईंनी सांगितलं, नसांवर सूज फार दिवस राहिली, आता परत यायचे नाहीत. औषध मध्येच तुटलं नसतं तर? ते दिएपने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. दोघींना माहीत होतं.

तेव्हापासून ती त्याला गोळ्या देई ती न बोलता. मावशी शेजारी असे, तीच "हं, घे" म्हणे. एके दिवशी मावशी खाली भात आणायला गेली होती. दिएपला बोलावंच लागलं.

"तोंड उघड. पाणी घे."

लुआन गोळी जिभेवर ठेवून तसाच थांबला. मग गिळून म्हणाला, "ताई, आज न्या म्हणणाऱ्या तुम्हीच ना?"

दिएपने पेला खाली घेतला.

"आज नेलंत तर घरापर्यंत श्वास टिकेल. ऐकू येत होतं मला. डोळे उघडत नव्हते तेवढंच." त्याच्या आवाजात राग नव्हता. ओळखीचं माणूस भेटल्यासारखा तो बोलत होता. "आईला तुम्ही फार आवडायचात. घरी गेल्यावर ती तुमच्या फोनची वाट बघायची."

"माझ्या?"

"सही घेताना तुम्ही म्हणाला होतात म्हणे, कुठंही गेलात तरी मी फोन करून विचारीन. मी उठलो तेव्हा मी म्हटलं, आई, इस्पितळात कळव ना. तर म्हणे, आपण होऊन सांगायचं नाही, दृष्ट लागते. पण ती पोर विचारील तेव्हा खोटं बोलायचं नाही, लगेच सांगायचं. शेवटी माझ्या डोकेदुखीपायी तीच तुमच्याकडे आली, पण तोवर फोन सारखा वायरीला लावून ठेवायची. ओढ्यावर धुणं धुवायला गेली तरी मला बजावून जायची, वाजला तर उचल." तो जरा हसला. "मला तेव्हा दिसत होतं. मी त्याच्याकडेच बघत पडलेला असायचो."

दिएपने पेला पुन्हा त्याच्या ओठांशी नेला.

"सांडतंय, ताई," लुआन म्हणाला, आणि चाचपडत तिचा हात धरून त्याने पेला सरळ केला.