टिकलीच्या सहा उड्या

मी ओरडते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं. आमच्या घरात सगळेच ओरडतात. माझे बाबा बैलगाड्यांच्या शर्यतीत उतरतात तेव्हा आमच्या नेरे गावाच्या दुसऱ्या टोकाला भाकऱ्या थापणाऱ्या बायकांनाही कळतं की कमळाकरची गाडी सुटली. त्यांचा अर्धा आवाज माझ्यात उतरलाय, असं आई म्हणते. तिचा स्वतःचाही काही कमी नाही. जनावर पळवायचं तर ओरडायचं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक.

घोडे आमचे नाहीत. ते शेजारच्या फार्महाऊसवाल्या चारुदत्तकाकांचे. काका पनवेलला डॉक्टर आहेत आणि त्यांच्या तबेल्याला पेंढा आमच्या शेतातून जातो. दीड वर्षापूर्वी पेंढ्याच्या ट्रॉलीवर बसून मी तिथे गेले आणि मग रोजच जायला लागले. संध्याकाळच्या एसटीने पनवेलहून आले की दप्तर ओट्यावर टाकायचं आणि तबेला गाठायचा. तिथले घोडे जैतूदादा सांभाळतो. त्याने मला आधी चार महिने नुसती लीद काढायला लावली, मग खरारा, मग कुठे खोगीर. आता मी नववीत आहे आणि घोडा दौडवते. आमच्या अख्ख्या शाळेत हे करणारी मी एकटी. फार्महाऊसवर मात्र माझ्याशिवाय रूपेश आहे, काकांचा पुतण्या. त्याच्याकडे गुडघ्यापर्यंतचे चामड्याचे बूट आहेत. मी पीटीच्या कॅनव्हासच्या बुटांत.

आणि टिकली आहे. रेसकोर्सवरून निवृत्त झालेली, तपकिरी, कपाळावर टिकलीएवढाच पांढरा ठिपका. पळायला लागली की कुणाच्या बापाला ऐकणार नाही. पण आडवा बांबू समोर आला की चारी पाय रोवून उभी. एकदा तर बांबूच्या पलीकडे मी आणि अलीकडे ती. उडी मी मारली, तिने बघितली.

डिसेंबरात काकांनी सांगून टाकलं की आता पुरे. पनवेलच्या एका बँडवाल्याला नवरदेवासाठी घोडी हवी होती. तो येऊन टिकलीला बघून गेला होता आणि तिचा ठिपका त्याला फारच आवडला होता. नाताळच्या सुट्टीत काकांनी चार दिवसांचं उड्यांचं शिबिर ठेवलं होतं. रविवारी शेवटच्या फेरीत सहा अडथळे. टिकलीने सहाही पार केले तर ती राहील. एकदा थांबली तर माफ. दुसऱ्यांदा थांबली की सोमवारी बँडवाल्याकडे.

जी घोडी कुकरच्या शिट्टीला थरथरते ती ढोल-ताशाच्या मधे कशी उभी राहणार? त्या दिवशी मी भाकरीला हात लावला नाही. मग विचार केला, उपाशी राहून घोडी उडते का, आणि दोन खाल्ल्या.

शिबिराला पुण्याहून मोकाशी सर आले. घोडदळात रिसालदार होते, आता निवृत्त. अंगाने काटकुळे आणि आवाज एवढा बारीक की पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, घसा बसलाय. मी टिकलीवर बसले, पहिल्या बांबूकडे तोंड केलं आणि बाबांसारखी एक सणसणीत आरोळी ठोकली. टिकली सुसाट निघाली आणि बांबूशी येऊन थांबली. मी तिच्या मानेला मिठी मारून लटकत होते.

सर जवळ आले. "हे ओरडणं कुणासाठी होतं?"

मी म्हटलं, घोडीसाठी.

"तिने ऐकलं. तू सांगितलंस तेच केलं."

मग त्यांनी समजावलं. टिकली शर्यतीतली आहे. तिच्या लेखी आरोळी म्हणजे शेवटचा टप्पा, मान खाली घालून पळत सुटायचं. असं पळताना बांबू नाकाखाली येईपर्यंत तिला दिसतच नाही. मग ती बिचारी थांबेल नाहीतर काय करेल? इतके महिने मी तिला आळशी म्हणत होते, भित्री म्हणत होते, आणि बांबू लपवत होते मीच.

सरांनी पेंढ्यातली एक काडी काढून माझ्या ओठांत दिली. काडी पडली की फेरी पहिल्यापासून. पहिल्या संध्याकाळी मला दोन बांबूही गाठता आले नाहीत. दुसऱ्या दिवशी काडी अकरा वेळा पडली. रूपेश मोजत होता आणि मोठ्याने आकडा सांगत होता. त्याला उत्तर द्यायला तोंड उघडलं, म्हणून बारावी.

तिसऱ्या दिवशी काडी राहिली. आणि काय सांगू, तोंड बंद केल्यावर मला ऐकू यायला लागलं! टिकलीचा श्वास टापांबरोबर येतो, हे मला माहीतच नव्हतं. ती कान पुढे करते म्हणजे तिने बांबू पाहिला, हेही नाही. मी मनात मोजलं, तीन, दोन, एक, आणि माझ्याखालून जमीनच गेली. क्षणभर कुठेच काही लागत नव्हतं. मग पलीकडे टापा वाजल्या, आणि काडी ओठांतच होती, म्हणून मला हसताही येईना.

सर फक्त म्हणाले, पुन्हा. आणि एक इशारा दिला. घोडी हाताबाहेर जातेय असं वाटलं तर बांबूकडे न्यायची नाही, गोल फिरवून आणायची. पण तो गोल थांबण्यातच धरला जाईल.

घरी मी हे सगळं सांगितलं. म्हणजे, उड्यांचं सांगितलं, काडीचं नाही. सगळ्या घरादाराला ओरडायची सवय असताना ते कसं सांगणार? ही चूक माझीच.

कारण रविवारी सकाळी बाबा ट्रॅक्टर घेऊन आले आणि ट्रॉलीत तीसेक माणसं. शर्यतीला जाणारी सगळी मंडळी, डोक्याला रुमाल बांधून, कुंपणाला खेटून उभी. झाडाखाली तो बँडवालाही होता, येताना नवा लगाम घेऊन आलेला.

रूपेशची फेरी स्वच्छ झाली. मग मी आत गेले. पहिली उडी, दुसरी, तिसरी, टिकलीचे कान पुढे, सगळं कसं छान. तिसरीनंतर बाबांना राहवलं नाही. त्यांनी आरोळी ठोकली, आणि मग तीस जणांनी.

टिकलीने मान खाली घातली आणि सुटली. चौथा बांबू समोर धावत येत होता. माझ्याही घशाशी आरोळी आली होती, खोटं कशाला बोलू. पण हा बांबू तिला दिसत नाहीये, हे मला दिसत होतं. मी मागे रेलून बसले, उजवा लगाम ओढला आणि तिला गोल फिरवलं. एक गोल, दुसरा त्याच्या आत, मग दुडकी, मग चाल. माफीचं थांबणं संपलं. अजून तीन उड्या बाकी, आणि कुंपणावर तीस गळे तयार.

त्यांना गप करायचं होतं, आणि मला ओरडता येत नव्हतं. मी ओरडले असते तर टिकली पुन्हा सुटली असती. थांबून सांगावं तर तेही थांबणंच. मग मी तिला चालवत कुंपणाच्या कडेने नेलं. काकांनी सरांना विचारलं, ही थांबली ना? सर म्हणाले, "चालतेय."

आमच्या बाबांना आजवर कुणी गप बसा म्हटलेलं नाही. आजोबांनीही नाही. त्यात सगळी मंडळी भोवती उभी. त्यांच्यासमोरून जायला मला चार पावलं मिळणार होती, तेवढ्यात काय ते बोलायचं.

"बाबा, गप ऱ्हावा," मी हळूच म्हटलं. "तुमी वरडलात त टिकली जाईल."

मी पुढे गेले. मागे वळून बघायची हिंमत नव्हती. कुणीतरी विचारलं, काय बोलली रं पोरगी. मग वळणावर मला दिसलं, त्यांनी डोक्याचा रुमाल काढला होता आणि हात वर धरला होता, आणि ती तीस माणसं एकदम चिडीचूप.

मी टिकलीला दौडीत घातलं. चौथा बांबू. तिचे कान पुढे झाले आणि आम्ही वर गेलो. पाचव्याला तिचा मागचा पाय लागला, बांबू डुगडुगला, खाली पडला, पण ती पार झाली होती. सहावा सगळ्यांत उंच. तीन, दोन, एक, आणि खाली टेकलो तेव्हा मला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.

कुणी टाळी वाजवेना. कुणी हूं की चूं करेना. मला वाटलं, काहीतरी चुकलं. मी सरांकडे पाहिलं, त्यांनी काकांकडे पाहिलं. काका बँडवाल्यापाशी गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून काही बोलले, आणि त्याने नवा लगाम गुंडाळून पिशवीत टाकला.

टिकलीला चालवत मी कुंपणापाशी आले. बाबांचा हात अजून वरच होता. तोंड दाबून धरल्यासारखा चेहरा लालबुंद झाला होता.

"आता वरडू काय गो?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

मी म्हटलं, नको, आधी तिला आत नेऊ दे. तीस माणसं उन्हात तशीच उभी राहिली. मी उतरले, जैतूदादाने टिकलीला तबेल्यात नेलं, दार ओढून घेतलं, आतून कडीचा आवाज आला.

मग मी बाबांकडे बघून मान डोलावली, आणि त्यांच्याबरोबर मीही ओरडले.