हात न टेकता

सीनाईच्या डोंगरात वाटाडे पुष्कळ आहेत, पण कोणत्या पाहुण्याला कोणती वाट झेपेल हे अतवाच्या बापाइतकं कुणाला कळत नाही. अतवा माझा थोरला. आमच्यात नवऱ्याला मुलाच्या नावानंच ओळखतात. हा पाहुण्यांना वय विचारत नाही, दुखणं विचारत नाही. विचारलं की माणसं खोटं बोलतात. एकेक दांडगा सांगतो, मी रोज पळतो, आणि पहिल्याच चढाला त्याची जीभ बाहेर! म्हणून हा सगळ्यांना खाली सतरंजीवर बसवतो, डोंगरी पुदिन्याचा चहा पाजतो आणि ते उठताना बघतो. हात जमिनीला टेकून उठला, तर वाळूतली सपाट वाट, विहिरीपर्यंत. हात गुडघ्यावर ठेवून उठला, तर लाल घळीची वाट. हात कुठंच न लावता उठला, तरच वरची वाट, दोन खिंडी ओलांडून थेट आमच्या बागेपर्यंत.

त्या बागेसाठी माझा जीव तुटतो. लग्नानंतरचे सगळे उन्हाळे मी तिथं काढले. अतवा झाला तेव्हा कुंपणाशी बदामाचं रोप लावलं, कातळातल्या पाझराचं पाणी ओंजळीनं घालून वाढवलं. मग एकदा शेळीमागं धावताना पडले, गुडघा गेला, आणि नवऱ्यानं हुकूम सोडला, "तुझी वाट आता विहिरीची." घ्या! परमुलखातल्या बायका माझ्या बदामाखाली बसून खजूर खाणार, आणि मी इथं शेळ्या राखणार.

तो पाहुण्यांना घेऊन वरून आला की मी आधी विचारायची, "झाड कसंय?"

"पाल्यानं भरलंय. ती पश्चिमेची फांदी अजून तशीच, कुंपणावर टेकलेली."

मी त्या फांदीवर आठवडा काढायची.

पण हार मानली तर मी कसली! गुडघ्याला तेल चोळलं, चुलीमागं रोज उठाबशा काढल्या. सून हसायची, "सासूबाई, कुठल्या मास्तरांनी शिक्षा केली?" हस म्हटलं, हस.

बदाम फुलायच्या दिवसांत एका सकाळी पाहुणे आले, तशी मीही जाऊन सतरंजीच्या टोकाला बसले. चहा ओतता ओतता तो थबकला.

"अतवाच्या आई, घरातला चहा संपला का?"

"मी पाहुणी आहे. वाट मागायला आलेय."

चहा प्याले, पेला खाली ठेवला, दोन्ही हात छातीशी घेतले आणि उभी राहिले. गुडघा कळवळला, पण हूं की चूं केलं नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बोल आता, कोणती वाट?"

तो रिकामे पेले गोळा करत राहिला. अतवानं पाहुण्यांना पाणी भरायला नेलं, तरी हा सतरंजीवर बसलेलाच.

"ऊठ की! तुझ्याबरोबर जायचंय मला."

तेव्हा त्यानं एक हात जमिनीला टेकला. मग दुसरा. तरी उठवेना, म्हणून शेवटी मीच हात दिला.

आत्ता माझी ट्यूब पेटली. वर्षभर हा घरात सतरंजीवर बसतच नव्हता, दगडी ओट्यावर बसायचा. मी मेली समजत होते, म्हातारपणी ऐट आलीय.

"कधीपासून?"

"मागचा बदाम फुलला, तेव्हापासून. पहिल्या खिंडीच्या पायथ्याशी थांबतो मी, उंटापाशी. वर अतवा नेतो."

"मग मला झाडाचं सांगायचास ते?"

"अतवा म्हणतो, बरं आहे. बाकीचं माझ्या आठवणीतलं." त्यानं मान खाली घातली. "तू विचारायचीस ना, तेव्हा सांगता सांगता मलाही दिसायचं."

"खोटारड्या," म्हटलं, आणि रडू फुटलं.

"तू जा. तुला झेपेल," तो म्हणाला. "मी खिंडीपाशी थांबतो. बघून ये आणि मला सांग."

मग मी अतवाबरोबर वर गेले. दुसऱ्या खिंडीत गुडघा सुजून टम्म झाला, तरी थांबले नाही. बागेचं कुंपण दिसलं आणि मी लहान पोरीसारखी धावले.

बदाम वाळून गेला होता. पश्चिमेची फांदी मोडून कुंपणापलीकडे पडली होती. हिवाळ्यात बर्फ पडलं नाही, उन्हाळ्यात पाझर आटला.

अतवा माझ्याकडे बघेना. "आई, उतरलो की बाबा दर वेळी विचारतात, झाड कसंय. काय सांगू त्यांना?"

मी काळ्या खोडाला पाठ लावून बसले आणि पोटभर रडले. पाहुण्या बायकांनी मला खजूर दिले.

खाली आलो तेव्हा तो उंटापाशी बसला होता. मला बघून दोन्ही हात टेकून उठायला लागला.

"बस, बस," मी म्हटलं, आणि शेजारी बसले.

"झाड कसंय?"

"पांढरंशुभ्र फुललंय."

"आणि ती पश्चिमेची फांदी?"

"तशीच. कुंपणावर टेकलेली."

त्यानं डोळे मिटले. मग अतवानं हाक मारली, तेव्हा उठताना मी हात जमिनीला टेकला.