टॉवेल-टोपी

सांगलीहून आलेल्या प्रदूषण मंडळाच्या साहेबांनी शाळेच्या गच्चीवर हवा तपासायचं यंत्र ठेवलं, बाहीवर पडलेली काजळी तळहाताने पुसली आणि पांढऱ्या बाहीवर कोपरापर्यंत काळा पट्टा ओढून घेतला.

"सायेब, पुसू नगा," शिडीखालून चौथीतली क्रांती ओरडली. "फुंकर मारा. पुसलं की पसरतंय."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तज्ज्ञ होते.

इथली मुलं मुळाक्षरांच्या आधी फुंकर शिकत. साखर कारखान्याची चिमणी शाळेपासून दोनशे पावलांवर. गळीत हंगाम सुरू झाला की पाटीवर, डब्यातल्या भाकरीवर, पापण्यांवर काळी भुरभुर सुरू होई. दर दहा मिनिटांनी चौसष्ट मुलं एकदम फुंकर मारत आणि धडा पुढे सरके.

शाळेतल्या चारुशीलाबाई तीन वर्षं अर्ज करत होत्या. क्रांतीच्या छातीत शिट्टी वाजते, असं पहिल्या अर्जात होतं. क्रांतीला एक कडवं सलग म्हणता येत नाही, असं चौथ्यात. त्या चौथ्याला हे यंत्र आलं होतं. आतला कागद काळा निघाला, तर चिमणीला राख अडवणारी यंत्रणा बसवायचा हुकूम निघणार होता. पांढरा निघाला तर फाइल बंद.

"चोवीस तास चालू द्या," साहेब हेडमास्तरांना म्हणाले. "सरकारी वस्तू आहे. महागाची. जपा."

आणि कारखान्याच्या जीपमधून कारखान्याच्या विश्रामगृहाकडे गेले. तिथे मटण शिजत होतं.

जपणं ही हेडमास्तर नारायण गुरुजींची हयातभराची कमाई होती. शाळेचा पृथ्वीगोल खताच्या पिशवीत बांधलेला असे. पृथ्वीवर युरिया असं लिहिलेलं असतं अशी पहिलीच्या वर्गाची समजूत होती. हार्मोनियमवर गोधडी, नकाशे पेटीत, पेटीवर पोतं. शाळेत उघडी राहिली होती ती फक्त मुलं. पण ती डेडस्टॉक रजिस्टरला नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई शाळेत आल्या, तेव्हा गुरुजी शिडीवरून उतरत होते. हातात टॉवेल होता. पंधरा ऑगस्टला कारखान्याचे चेअरमन लालासाहेब यांनी त्यांना टोपीसकट दिलेला. कालपर्यंत तो पांढरा होता.

"गुरुजी, हे काय?"

"यंत्र झाकलं होतं. चारी बाजूंनी आवळून. बघा तरी काजळी केवढी! उघडं असतं तर वाटच लागली असती त्याची."

बाईंनी वर गच्चीकडे बोट केलं.

"ते काजळी मोजायलाच आणलं होतं."

"मग मोजू दे की! मी कुठं बंद केलं? मोटर चालूच होती." गुरुजींनी टॉवेल त्यांच्या हातात दिला. "जरा धुऊन आणता का? सव्वीस जानेवारीला लालासाहेबांच्याच सत्काराला होईल. त्यांना काय, ओळखू येतोय थोडाच."

सत्काराचे टॉवेल इथे कुणी वापरत नसे. ते फिरत.

साहेब दहाला आले, यंत्र उघडलं आणि कागद उन्हात धरला.

"वा! असा कागद महाबळेश्वरलाही निघत नाही."

"यंत्र झाकलेलं होतं साहेब," बाई म्हणाल्या. "काजळी ह्यावर आहे. बघा."

साहेबांनी टॉवेल पाहिला. गुरुजींना पाहिलं. फाटकाशी थांबलेली जीप पाहिली.

"बाई, टॉवेल हा नमुना धरत नाहीत."

"मग अजून एक दिवस ठेवा."

"यंत्र पाटणला जायचंय," साहेब म्हणाले आणि बाहीवरची काजळी पुसली.

बाईंनी टॉवेल घरी नेला. धुतला नाही.

सव्वीस जानेवारीला ध्वजवंदन झालं. टेबलावर स्वच्छ कापड, त्यावर अजून एक कापड. लालासाहेब मध्ये, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. शेजारी साहेब, त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. गुरुजींनी माइकवर अहवाल वाचला. शाळेची हवा उत्तम होती. मग त्यांनी तबकाकडे हात केला. बाईंनी तबक पुढे केलं. टोपी, नारळ आणि घडी घातलेला टॉवेल, स्वच्छ बाजू वर.

गुरुजींनी लालासाहेबांना टोपी घातली. टॉवेल रीतीप्रमाणे झटकून उलगडला आणि चेअरमनांच्या खांद्यांवर पसरला. शर्टावर छातीपासून पोटापर्यंत काळी भुरभुर उतरली.

लालासाहेब पुण्याला राहत. त्यांनी ती पुसली.

"फुंकर!" पुढच्या रांगेतून क्रांती ओरडली. "चेअरमनसायेब, पुसू नगा, फुंकर मारा!"

आणि सवयीने चौसष्ट मुलांनी गाल फुगवून फुंकर मारली.

"गुरुजी," लालासाहेब हळू म्हणाले, पण माइक पुढ्यातच होता. "हा टॉवेल कुठला?"

गुरुजी घाबरले. घाबरले की ते खरं बोलत.

"आपणच दिलेला, साहेब. ह्यानंच यंत्र झाकलं होतं आम्ही. चोवीस तास. एक कण आत जाऊ दिला नाही."

कर्ण्यातून ते बाजाराच्या चौकापर्यंत गेलं. सांगलीच्या साहेबांनी खिशातलं पेन काढलं, त्याचं टोपण बघितलं आणि पेन परत खिशाला लावलं.

पुढच्या रांगेत क्रांतीची फुंकर संपली होती. श्वास मात्र परत येत नव्हता. बाईंनी तबक खाली ठेवलं आणि तिच्याकडे धावल्या. तिला मांडीवर वाकवून त्या तिची पाठ चोळू लागल्या. शिट्टी सुरू झाली, मग खोकला.

गुरुजींनी माइकमागून दोन्ही हातांनी खूण केली. टाळ्या कडकडल्या, आणि त्यात खोकला ऐकू येईना.

लालासाहेब अजून पुसतच होते.