राज्याचा शब्द
वेंडेल प्रुइट अलाबामातल्या एका लहान गावचा सरकारी वकील. वीस वर्षं राज्याचे खटले लढवले, पण दिलेला शब्द कधी खाली पडू दिला नाही. अर्नेस्टीनबाईंना त्याने शब्द दिला तो चर्चच्या स्वयंपाकघरात, त्या मासे तळत असताना. त्यांच्या मुलाच्या, लमारच्या गाडीत पिस्तूल सापडलं होतं, आणि आधीच्या शिक्षा नावावर असल्याने त्याला पिस्तूल बाळगायची बंदी होती. लमार म्हणत होता, पिस्तूल माझं नाही, खटला लढणार.

"मिस अर्नेस्टीन, लढला तर हरेल. कबूल करायला सांगा. तीन वर्षांत घरी येईल."

"नक्की ना, वकीलसाहेब?"

"माझा शब्द."

आईने रडून, शपथा घालून पोराला तयार केलं. त्याने न्यायाधीशांपुढे कबुली दिली. तीन वर्षांची शिक्षा झाली.

पुढे वेंडेलला केंद्र सरकारच्या वकिलांच्या कचेरीत बढती मिळाली. तिथल्या साहेबाने, हॉलिसने, एक दिवस लमारचंच प्रकरण काढलं. अमेरिकेत एकाच गुन्ह्यासाठी राज्याने शिक्षा दिली तरी केंद्र वेगळा खटला भरू शकतं, आणि केंद्राच्या कायद्यात त्याच पिस्तुलाला किमान पंधरा वर्षं.

"त्याने कबुली दिलीय, मग अडचण कसली?" हॉलिस म्हणाला.

"अहो, मी शब्द दिलाय त्याच्या आईला."

"राज्याचा दिलास. आपण राज्य आहोत का?"

आपलेच दात, आपलेच ओठ. आणि खरं सांगायचं तर हा धोका वेंडेलला तेव्हाही ठाऊक होता. केंद्रवाले असल्या किरकोळ प्रकरणात कशाला पडतील, असं धरून तो गप्प बसला होता, आणि कुणी विचारलंही नव्हतं. आता त्याने खटला चालवायला नकार दिला. मोठा तीर मारला! दुसऱ्याने चालवला. लमारची जुनी कबुली वाचून दाखवली, तिच्यातले प्रश्न तेव्हा वेंडेलनेच विचारलेले. पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

निकालानंतर अर्नेस्टीनबाई कोर्टाच्या पायरीवर बसल्या होत्या. वेंडेल समोर जाऊन उभा राहिला. शिव्या खायची तयारी होती. खरं तर त्याला त्या हव्याच होत्या.

"मिस अर्नेस्टीन, चूक माझी आहे. लमारला तसं सांगा."

"कसं सांगू, साहेब? तो माझा फोन घेत नाही. भेटायला गेले तर कोठडीतून बाहेर येत नाही." त्यांनी मान वर केली नाही. "तुमच्यावर राग नाही हो त्याचा. वकील काय, बोलायचेच. म्हणतो, माझं खरं मानायचं सोडून आईने त्यांचं मानलं."